टॅबलेट घ्यावा तो सहाव्या वर्षाकडे पाहून

नवा टॅबलेट बाजारात आला की त्याची परीक्षा पहिल्या आठवड्यातच उरकली जाते. प्रोसेसरला चाचणीत किती गुण मिळाले, पडदा किती उजळ आहे, आधीच्यापेक्षा वेग किती टक्क्यांनी वाढला, एवढ्यावर निकाल लागतो. टॅबलेटच्या बाबतीत ही परीक्षा फारशी उपयोगाची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. डेस्कटॉपमध्ये रॅम वाढवता येते, बऱ्याच लॅपटॉपमध्ये जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवता येते. टॅबलेट मात्र सीलबंद असतो. दुकानातून आणताना जेवढी रॅम आणि जेवढी आतली साठवण असेल, तेवढ्यावर शेवटपर्यंत भागवावं लागतं. त्यात फोन आपण दोन-तीन वर्षांत बदलतो, टॅबलेट घरात बराच काळ राहतो. आधी थोरल्याच्या अभ्यासाला, मग धाकटीच्या, मग आजी-आजोबांना बातम्या आणि भजनं ऐकायला. म्हणून विकत घेताना दोनच गोष्टी नीट तपासाव्यात: सहाव्या वर्षी ही वस्तू कामाची असेल का, आणि तोवर तिच्यावर एकूण किती पैसे गेलेले असतील. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ॲपलच्या साध्या आयपॅडला, म्हणजे ए१६ चिप असलेल्या अकराव्या पिढीच्या आयपॅडला, हा निकष लावून पाहण्यासारखा आहे.

४ मार्च २०२५ ला हा आयपॅड जाहीर झाला आणि १२ मार्चपासून विक्रीला आला. भारतात १२८ जीबीच्या वाय-फाय आयपॅडची किंमत ३४,९०० रुपये ठेवली गेली. याच्या आधीचा, दहाव्या पिढीचा आयपॅड ऑक्टोबर २०२२ मध्ये ६४ जीबी साठवणीसह ४४,९०० रुपयांना आला होता. म्हणजे साठवण दुप्पट झाली आणि सुरुवातीची किंमत दहा हजारांनी उतरली. बाकी बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखेच. तोच २३६० बाय १६४० पिक्सेलचा एलसीडी पडदा, तेच वरच्या बटणातलं बोटाच्या ठशाचं कुलूप, हेडफोनची गोल पिन तेव्हाही नव्हती, आताही नाही. यूएसबी-सीचं छिद्र आहे, पण त्यातून माहिती जाते ती यूएसबी २ च्याच वेगाने. आतली चिप सप्टेंबर २०२२ च्या आयफोन १४ प्रोमधली, तीही काही कोर कमी करून. त्यामुळे पहिल्या आठवड्यातली तक्रार ठरलेली होती: नव्या खोक्यात जुनाच माल. तक्रारीतली माहिती बरोबर आहे. मात्र त्यावरून हा आयपॅड किती वर्षं चालेल हे ठरत नाही.

ते ठरतं मुख्यतः दोन गोष्टींवर. कंपनी किती वर्षं नवी ऑपरेटिंग सिस्टीम देते, आणि ती पेलायला रॅम पुरते का. याचा सगळ्यात बोलका पुरावा आयपॅडच्या सुरुवातीच्याच इतिहासात आहे. पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीला आला. त्यात २५६ एमबी रॅम होती. सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएस ६ आलं तेव्हा त्याला ते मिळालं नाही. अडीच वर्षांत तो मागे पडला. त्याच्यानंतर अवघ्या वर्षभराने आलेल्या आयपॅड २ मध्ये ५१२ एमबी रॅम होती, आणि त्याला २०१५ चं आयओएस ९ सुद्धा मिळालं. दोघांत फक्त रॅमचा फरक नव्हता, प्रोसेसरही बदलला होता. तरीही रॅम कमी ठेवली की आयुष्य कसं आटतं हे त्यातून कळतं. आता जुन्या चिपच्या आक्षेपाकडे पाहू. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या सातव्या पिढीच्या साध्या आयपॅडमध्ये ए१० चिप होती. ती २०१६ च्या आयफोन ७ मधली, म्हणजे विक्रीला येतानाच तीन वर्षं जुनी. तरीही त्या आयपॅडला आयपॅडओएस १३ पासून १८ पर्यंत दरवर्षीची नवी आवृत्ती मिळत गेली. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये तो गळाला, पण तोवर त्याला सहा वर्षं झाली होती. त्याच्यानंतरचा, २०२० चा आठव्या पिढीचा आयपॅड तर आयपॅडओएस २६ सुद्धा चालवतो. ए१६ वाल्या आयपॅडची चिप विक्रीच्या वेळी अडीच वर्षं जुनी होती. त्यामुळे त्यालाही सहा वर्षांच्या आसपास आयुष्य मिळेल असं धरून चालायला हरकत नाही. कंपनीने तसं वचन दिलेलं नाही. हे मागच्या वागणुकीवरून काढलेलं अनुमान आहे आणि ते तेवढ्याच भरवशाचं मानावं.

नवी आवृत्ती मिळत राहणं एवढं महत्त्वाचं का? ती बंद झाल्यावर टॅबलेट लगेच बंद पडत नाही. पण पुढे एकेक ॲप सांगू लागतं की तुमची सिस्टीम जुनी झाली. बँकेची ॲप यात बहुधा आघाडीवर असतात, कारण त्यांना सुरक्षिततेची काळजी जास्त. मग इतरांची पाळी येते. यंत्र धडधाकट असतं आणि तरी निरुपयोगी होत जातं.

रॅमच्या मुद्द्यावर मात्र या आयपॅडबद्दल एक खरी शंका आहे. ॲपल या आयपॅडच्या रॅमचा आकडा छापत नाही. तपासणाऱ्यांना यात ६ जीबी आढळली आहे. आधीच्या पिढीत ४ जीबी होती, म्हणजे वाढ झाली. पण ॲपलच्या स्वतःच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुविधा, ज्यांना कंपनी ॲपल इंटेलिजन्स म्हणते, त्या किमान ८ जीबी रॅम असलेल्या यंत्रांवरच चालतात. त्यामुळे हा आयपॅड त्यांतून बाहेर राहिला. त्याच दिवशी जाहीर झालेल्या आयपॅड एअरमध्ये एम३ चिप आणि ८ जीबी रॅम आहे, त्या सुविधाही आहेत. तेव्हाची किंमत ५९,९०० रुपये. यावर आक्षेप असा घेतला जातो की पुढचा काळच कृत्रिम बुद्धिमत्तेचा असेल, तर पंचवीस हजार वाचवून मागे पडणारी वस्तू का घ्यावी? मला हा आक्षेप पूर्ण पटत नाही. चॅटजीपीटी, जेमिनाय यांसारखी साधनं दूरच्या सर्व्हरवर चालतात. ती या आयपॅडवरही तशीच चालतात. यंत्राच्या आत चालणाऱ्या ॲपलच्या सुविधांची भाषायादी एप्रिल २०२५ मध्ये वाढली, तेव्हा तिच्यात भारतीय धाटणीची इंग्रजी आली, मराठी आली नाही. मराठीतून शिकणाऱ्या मुलासाठी आज त्या सुविधांपोटी पंचवीस हजार जास्त मोजण्यात अर्थ नाही. एवढं मात्र मान्य करायला हवं की चार वर्षांनी सिस्टीमचाच मोठा भाग अशा सुविधांवर उभा राहिला, तर ६ जीबीची अडचण जाणवेल. ज्यांना टॅबलेटवरच रोजगार करायचा आहे, चित्रं काढायची, चित्रफिती जोडायच्या, त्यांनी हा धोका पत्करू नये. घरगुती आणि शालेय वापरासाठी तो पत्करण्याजोगा आहे.

आता टॅबलेट मुळात कशासाठी घ्यायचा याकडे येऊ, कारण फोन असताना टॅबलेट हवाच कशाला, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर मोजून देता येतं. शाळेच्या नोट्स, सराव प्रश्नपत्रिका, शासन निर्णय, स्पर्धा परीक्षेचं साहित्य, हे सगळं आपल्याकडे ए४ आकाराच्या पीडीएफमध्ये फिरतं. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफमध्ये मोफत उपलब्ध आहेत. ए४ पानाची रुंदी २१० मिलिमीटर. या आयपॅडचा पडदा उभा धरला तर सुमारे १५८ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे अख्खं पान तीन-चतुर्थांश आकारात मावतं आणि कागदावरचं १२ पॉइंटचं अक्षर ९ पॉइंटचं दिसतं. वाचता येतं, डोळ्यांना ताण पडत नाही. सहा इंचाच्या आसपासचा फोन उभा धरला तर त्याची रुंदी ६५ मिलिमीटरच्या घरात भरते, आणि तेच अक्षर ४ पॉइंटपेक्षाही लहान होतं. देवनागरीत ही अडचण रोमन लिपीपेक्षा जास्त बोचते. अक्षराच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार, पायाशी उकार आणि ऋकार, मधे जोडाक्षरं. आकार घटला की आधी हेच तपशील पुसट होतात. ‘सुत’ की ‘सूत’, ‘कर्म’ की ‘क्रम’, हे बघायला दोन बोटांनी पान मोठं करायचं, मग ओळीच्या शेवटापर्यंत पान सरकवायचं, मग पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे यायचं. भूमितीची आकृती एका बाजूला आणि प्रश्न दुसऱ्या बाजूला असला तर दोन्ही एकदम दिसतच नाहीत. असा अभ्यास मुलं फार वेळ करू शकत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मे २०२५ मध्ये व्हॉट्सॲपचं आयपॅडसाठीचं स्वतंत्र ॲप आलं. शाळेच्या आणि क्लासच्या ग्रुपवर येणारी पीडीएफ आता फोनवरून पाठवत बसावं लागत नाही.

हा फायदा फक्त आयपॅडचा नाही, हेही सांगायला हवं. अकरा इंची अँड्रॉइड टॅबलेट बहुधा १६:१० प्रमाणाचे, म्हणजे थोडे लांबट असतात. त्यांची रुंदी १४८ मिलिमीटरच्या आसपास येते आणि १२ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं दिसतं. फरक आहे, पण किरकोळ. खरी दरी फोन आणि टॅबलेट यांच्यात आहे.

वाचण्याइतकंच महत्त्व हाताने लिहिण्याला आहे. गणित सोडवणं, रसायनशास्त्राची समीकरणं, भूगोलाचे नकाशे, हे कीबोर्डवर होत नाही. या आयपॅडला ॲपलची यूएसबी-सी पेन्सिल चालते, किंमत ७,९०० रुपये. तिला टेकवण्याचा कोन कळतो, पण किती जोराने दाबलं हे कळत नाही. लेखनाला त्याने बिघडत नाही, चित्रकाराला बिघडतं. त्याला पहिल्या पिढीची पेन्सिल आणि तिचं अडॅप्टर घ्यावं लागतं. दुसरी उणीव पडद्याची. वरची काच आणि खालचा पडदा यांच्यात बारीकशी पोकळी आहे, दोन्ही एकमेकांना चिकटवलेले नाहीत. पेन्सिलीचं टोक जिथे टेकतं आणि रेघ जिथे उमटते त्यांत किंचित अंतर दिसतं. टोक काचेवर आपटल्याचा ठक् असा पोकळ आवाजही येतो. प्रतिबिंब कमी करणारा लेपही नाही, त्यामुळे खिडकीसमोर बसलं की पडद्यात खिडकी दिसते. पण याच रचनेचा एक उपयोग आहे, जो जाहिरातीत कुणी सांगणार नाही. काच फुटली तर पडद्याला हात न लावता नुसती काच बदलता येते, आणि त्यामुळे दुरुस्ती स्वस्तात होते. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूसाठी मी ही उणीव मोठी मानत नाही.

सहाव्या वर्षाच्या प्रश्नात बॅटरीही येते. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयपॅडची बॅटरी १,००० पूर्ण चार्जिंगनंतरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकावी अशी बनवलेली असते. एका चार्जमध्ये १० तास चालते असा दावा आहे. आपण ८ धरू. रोज तीन तास वापर असेल तर वर्षाला सुमारे १४० चार्जिंग होतात. हजारी गाठायला सात वर्षं लागतील. हिशेब चांगला आहे, पण तो थंड हवेतला आहे. लिथियम-आयन बॅटरीत उष्णता वाढली की आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात, इलेक्ट्रोडवर थर जाड होत जातो आणि क्षमता कायमची कमी होते. कंपनी वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान योग्य मानते. चंद्रपूर, नागपूर, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तिथे दुपारी गादीवर किंवा उशीवर ठेवून, जाड कव्हरसकट चार्जिंगला लावणं, त्याच वेळी त्यावर गेम खेळणं, किंवा उन्हात उभ्या गाडीत टॅबलेट ठेवून जाणं, यांनी सात वर्षांची चार व्हायला वेळ लागणार नाही. बॅटरी आत चिकटवलेली असते आणि घरी बदलता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री, टेबलावर, कव्हर काढून चार्ज करावं. साधी गोष्ट आहे, पण आयुष्यात वर्षं वाढवणारी.

पैशांचा हिशेब करताना सोबतच्या वस्तू मोजायच्या राहून जातात. आयपॅड ३४,९०० आणि पेन्सिल ७,९०० मिळून ४२,८०० रुपये. सहा वर्षांत वाटले तर वर्षाला सात हजारांच्या थोडं वर, महिन्याला सहाशेच्या आत. त्यात ॲपलचा कीबोर्ड असलेलं कव्हर घेतलं तर आणखी २४,९०० जातात आणि बेरीज ६७,७०० वर पोचते. इथे मला थांबावंसं वाटतं. या पैशांत चांगला लॅपटॉप येतो, आणि ज्याला रोज पानंच्या पानं टाइप करायची आहेत त्याच्यासाठी लॅपटॉपच बरा. आयपॅडओएस २६ मध्ये खिडक्या हव्या त्या आकारात उघडता येतात, एकीकडे पुस्तक आणि एकीकडे वही असं मांडता येतं. ही सोय चांगली आहे. पण त्याने टॅबलेटचा लॅपटॉप होत नाही. वाणिज्य शाखेच्या मुलाला टॅली शिकायचं आहे, ते विंडोजवर चालतं. डीटीपी करणाऱ्याला श्रीलिपी लागते, तीही विंडोजवर. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लागणारी बरीचशी सॉफ्टवेअर आयपॅडवर नाहीतच. अशा घरात एकच वस्तू घेण्याची ऐपत असेल तर टॅबलेटचा विचार सोडून द्यावा. अधूनमधून दोन-चार पानं लिहायची असतील तर कोणताही साधा ब्लूटूथ कीबोर्ड जोडता येतो.

राहिला स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटचा मुद्दा. पंधरा हजारांचा टॅबलेट तीन वर्षं वापरला तर वर्षाला पाच हजार पडतात, आयपॅडपेक्षा कमीच. हा आक्षेप खरा आहे आणि आकड्यांनी तो खोडता येत नाही. ज्या घरात टॅबलेट मालिका, क्रिकेट आणि यूट्यूबवरचे धडे पाहण्यासाठीच लागणार आहे, तिथे स्वस्त टॅबलेट घेणं हाच शहाणपणा. प्रश्न येतो तो हाताने लिहायचं असलं की, आणि अभ्यास पाच-सहा वर्षं एकाच यंत्रावर साठवायचा असला की. स्वस्त टॅबलेटांत लेखणी नीट चालत नाही, रॅम अपुरी असते, मागचं ॲप परत उघडलं की पीडीएफ पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. किंमत खाली आणण्याच्या नादात वस्तू कामातून जाते याचं मोठं उदाहरण आपल्या देशानेच पाहिलं आहे. ५ ऑक्टोबर २०११ ला तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅबलेट सादर केला. डेटाविंड कंपनीने बनवलेल्या या टॅबलेटची सवलतीची किंमत सुमारे ३५ डॉलर होती. त्यात ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोटाने दाबावा लागणारा पडदा होता. हेतू मनापासून चांगला होता. पण मुलांना त्यावर वेबपान उघडायलाही ताटकळावं लागत होतं, आणि पुढच्याच वर्षी सुधारित आवृत्ती आणावी लागली.

अँड्रॉइडमधला तुल्यबळ स्पर्धक पाहायचा तर ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलक्सी टॅब एस९ एफई पाहावा. सुरुवातीची किंमत ३६,९९९ रुपये, पण लेखणी खोक्यातच मिळते, तीही दाब ओळखणारी. मेमरी कार्ड घालता येतं, पाणी आणि धुळीपासून संरक्षण आहे. पेन्सिलीसकट आयपॅडशी तुलना केली तर तो स्वस्त पडतो, आणि ज्यांच्या घरी अँड्रॉइडची सवय आहे त्यांना सोपाही. आयपॅडचं पारडं जड होतं ते वेगवान चिपमुळे आणि जुनी यंत्रं सांभाळण्याच्या आजवरच्या नोंदीमुळे. एस९ एफई घेताना तो २०२३ चा आहे, म्हणजे त्याच्या आयुष्याची सुरुवातीची वर्षं आधीच सरली आहेत, हे किमतीत धरावं.

माझा कौल असा. नववीच्या पुढचं मूल, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण, किंवा रोज पीडीएफ वाचून त्यावर खुणा करणारे शिक्षक आणि वकील, यांच्यासाठी ए१६ चा आयपॅड घेण्याजोगा आहे. घ्यायचा तो १२८ जीबीचा, वाय-फायचा. सिमवाल्यासाठी १५,००० रुपये जास्त पडतात आणि फोनच्या हॉटस्पॉटवर काम भागतं. २५६ जीबीचा दहा हजारांनी महाग आहे. जास्तीच्या फाइली यूएसबी-सी पेनड्राइव्हवर ठेवता येतात. घरात दहाव्या पिढीचा आयपॅड चालू असेल तर तो बदलण्याची गरज नाही. दुकानात जाताना आपल्याच अभ्यासातली एखादी पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन जा, ती तिथल्या टॅबलेटवर उघडायला सांगा, पेन्सिलीने त्यावर चार ओळी मराठीत लिहून पाहा, आणि मगच पैसे द्या.